विलायती सुऱ्याची हकीकत

डॉक्टरांनी पुण्याहून परत पाठवताना ‘आता घरीच बरं’ एवढंच सांगितलं. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही समजला. बारामतीला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बसले आणि करायची कामं एकाखाली एक लिहून काढली. बँकेतली सही, विम्याचे कागद, कॉट पुढच्या खोलीत हलवणं, औषधांच्या वेळा. मला तशी सवय आहे. यादी हातात असली की मी रडत बसत नाही.

यजमान उशीवरून बघत होते. म्हणाले, “एक राहिलं. हत्यारं विकायची, लिही.”

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. पोलादाचं त्यांना वेड. अडकित्ते, मेंढ्यांची लोकर कातरायच्या जुन्या कात्र्या, दोन कट्यारी, एक जंबिया, कुठल्या कुठल्या बाजारातून आणलेले कोयते, सगळं माळ्यावरच्या दोन पेट्यांत तेल लावून ठेवलेलं.

“राहू दे की,” मी म्हणाले.

“माझ्यामागं तुला त्यातलं एकबी पातं ओळखायचं न्हाय. भंगारवाला किलोवर नेईल. माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे.”

मी लिहिलं.

पुण्याचा एक संग्राहक त्यांच्या ओळखीचा होता. तो येऊन बहुतेक सगळं घेऊन गेला. एक विलायती सुरा मात्र यजमानांनी मागे ठेवला. वीतभर लांब, निमुळता, दोन्ही बाजूंनी धार, मुठीवर बारीक जाळीदार खाचा. इंग्रज सैनिकांचा, अंगावर धावून जाऊन लढायचा सुरा. तो त्यांना त्यांच्या चुलत्यांनी, तात्यांनी दिला होता. तात्या निरवांगीचे. त्यांच्या घरात मेंढरं होती, पण ते ऐन तारुण्यात पलटणीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आले.

देताना तात्यांनी एकच सांगितलं होतं, की खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांची पूजा कर, ह्याला कुंकू लावू नकोस. त्या एका वाक्यावर यजमानांनी सगळी गोष्ट उभी केली. दर खंडेनवमीला घोंगडीवर हत्यारं मांडली जायची आणि हा सुरा बाजूला, एका फडक्यावर. पाहुणे विचारायचे, आणि हे सांगायचे, की तात्यांनी इटलीच्या डोंगरात ह्याच सुऱ्यानं शत्रूचा पहारेकरी आडवा केला, त्यावर माणसाचं रक्त आहे, म्हणून पूजा नाही. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. वडील लहानपणीच गेलेल्या माणसाला अभिमान धरायला चुलताच होता.

आता तो सुराही द्यायचा, तर संग्राहकाला त्याची हकीकत लिहून हवी होती. कुणाकडून कुणाकडे आला, कुठे वापरला, ते. त्याच्यापेक्षा यजमानांनाच ती हवी होती. “इतकी वर्षं मीच सांगतोय,” ते मला म्हणाले, “जायच्या आधी एकदा तात्यांच्या तोंडून ऐकू दे.” त्यांनी दुसरं काहीच मागितलं नव्हतं. मी निरवांगीला निरोप धाडला.

तात्या एसटीने आले. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. दारात चपला काढल्या, कॉटवरच्या पुतण्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदा हलला आणि परत जाग्यावर आला.

“काय फिटर, निजून काय ऱ्हायलास? कारखाना बंद पडंल की.”

“पडू द्या. ऊस तुमी तोडा.”

“मी मेंढरंवाला. मी ऊस मेंढरांस्नी खायाला घालंन.”

यजमान हसले. हसल्यावर त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं.

ठरलेल्या वेळी संग्राहक आला. मऊ बोलणारा, सभ्य माणूस. त्याने सुरा म्यानातून काढला, उजेडात धरला, कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, “आजोबा, हा तुमच्याकडे कसा आला?”

“आमच्या गोऱ्या सायबानं दिला. त्याचाच हुता.”

“लढाईत वापरलात?”

यजमान कोपरावर उठायला बघत होते. मी त्यांच्या पाठीमागे उशी लावली. ते म्हणाले, “सांगा तात्या. मला ऐकायचंय.”

तात्यांनी पुतण्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“बर्फात अडाकलो हुतो. रसद न्हाय. डोंगरात एक मेंढी गावली, एकलीच. कुनाची कुनास ठाऊक. सायेब म्हनला, तू मेंढरंवाला, तूच काप, बिगी बिगी काप. आन् त्याचा सुरा दिला माज्याकडं. मी कापली. पोट फाडलं, तवा कळलं गाभण हुती.”

संग्राहक पुढचं ऐकायला थांबला होता. पुढे काही नव्हतं.

“हात लावून बघितलं न्हवतं?” यजमानांनी विचारलं.

त्यांच्या घरात लहान पोरालाही हे शिकवलेलं असायचं. मेंढी खाटकाला द्यायची तर आधी तिच्या पोटाखाली हात घालून चाचपायचं. गाभण मेंढी कुणी देत नसे, घरात दाणा नसला तरी.

“न्हाय,” तात्या म्हणाले. “हात गारठलं हुतं. आन् सायेब घाई करत हुता. पर न्हाय बघितलं, ते खरं.”

“म्हणजे लढाईत नाही,” संग्राहकाने पुन्हा विचारलं.

“माज्या हातानं न्हाय.”

त्याने पेनाला टोपण लावलं. कागदावर ‘लष्करी अधिकाऱ्याकडून भेट’ एवढंच लिहिलेलं मला दिसलं. ठरल्याप्रमाणे पैसे दिले, सुरा फडक्यात गुंडाळला, यजमानांना नमस्कार केला आणि गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरला, तसे यजमान तात्यांकडे वळले.

“तात्या, आधी का न्हाय सांगितलंत?”

“तू पावण्यांस्नी सांगत हुतास तवा तुजं त्वांड बघत ऱ्हायचो मी. कसं सांगू?”

“मग आज?”

“आज तू इचारलंस. आजवर नुसता सांगायचास. इचारलं कदी न्हाईस.”

यजमानांनी भिंतीकडे तोंड केलं. मी यादीतल्या ‘हत्यारं विकायची’ ह्या ओळीवर रेघ मारली, आणि मग वही कुठे ठेवली ते दिवसभर आठवेना.

त्या रागाने म्हणा, दुःखाने म्हणा, दोन दिवस ते तात्यांशी बोलले नाहीत. शेजारचे भेटायला आले, त्यांनी सुऱ्याचं विचारलं, तर म्हणाले, “विकला.” बस्स. तात्या निरवांगीला परत गेले नाहीत. कॉटशेजारी बसून पुतण्याचे पाय चेपत राहिले. यजमानांनी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत चहा गाळत होते. बाहेरून यजमानांचा आवाज आला, अगदी हलका.

“कोकरं किती हुती, तात्या?”

“दोन.”

मी कप तसेच ठेवून दारात आले. यजमानांनी हात पुढे केला होता, आणि तात्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता.