स्क्रीनसेव्हरमध्ये अडकलेल्या आई

आमच्या घरातला कॉम्प्युटर नवरा कॉलेजात असताना घेतलेला आहे. आता भंगारवालासुद्धा त्याच्याकडे बघून मान हलवतो. पण सासऱ्यांनी त्याला सोडलं नाही. बाबा पाचोडकडच्या शाळेत गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर क्रांती चौकामागच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि रोज सकाळी त्या डब्यापुढे बसून दोन बोटांनी लेख टाइप करू लागले. विषय ठरलेले: नवस, मुहूर्त, गंडेदोरे, बुवाबाजी. लेख कुठे छापून येवो न येवो, टकटक चालूच.

आणि बाबा नुसते लिहिणारे नव्हते. शेजारच्या काकूंनी एकदा अमावास्येला जिन्याच्या वळणावर उतरवून टाकलेली लिंबं यांनी उचलून आणली, धुतली, त्यांचं सरबत केलं आणि काकूंच्या दारासमोर उभं राहून चवीनं प्यायले. वर म्हणाले, "साखर जरा कमी पडली, वहिनी." काकू त्यानंतर कितीतरी महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. मला मेलीला तेव्हा हसू आवरलं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं. गाठीपेक्षा डॉक्टरांना काळजी होती त्यांच्या हृदयाची. ते अशक्त आहे, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही, असं त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. आई तिथेच होत्या. घरी आल्या, भाकऱ्या थापल्या, सगळ्यांची जेवणं झाली आणि मग मला म्हणाल्या, "मी तिकडं दवाखान्यात, अन् हे इकडं एकटे त्या डब्यापुढं. त्याच्यावर ते पाइप फिरत्यात ना, ते काढ. आपल्या घरचे फोटू फिरते ठेव."

"कशाला ही थेरं?" बाबा म्हणाले.

"मी तुमाला इचारलं का?" आई म्हणाल्या. विषय संपला.

पाइप म्हणजे स्क्रीनसेव्हर. हल्लीच्या मुलांना तो सांगूनही कळत नाही. कॉम्प्युटर थोडा वेळ नुसता पडून राहिला की पडद्यावर आपोआप काहीतरी हलायला लागायचं. आमच्याकडे रंगीत नळ वेटोळे घालत वाढायचे. फोटो फिरवायची सोय त्यात आधीपासून होती, पण ती लावली तर फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसू लागले. मग मी दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. ते म्हणे, तुमच्याकडची अमुक फाइल जुनी आहे. त्याची आधीची आवृत्ती शोधली. ती बसली, पण पहिल्याच फोटोला सगळं ठप्प. माउस हलेना, कीबोर्ड ऐकेना. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा ठप्प. माझा स्वभाव तापट. मी त्या डब्याला टेबलासकट हलवला. शेवटी लक्षात आलं की मोबाइलवर काढलेले फोटो अवाढव्य आहेत आणि या म्हाताऱ्याला ते गिळवत नाहीत. एकेक फोटो लहान करून फोल्डरमध्ये टाकला, तेव्हा कुठे गाडी चालली. एक फोटो हळूहळू विरायचा आणि त्यातूनच दुसरा उमटायचा. आईंनी खुर्ची ओढून सगळे फोटो एकदा पाहून घेतले. बाबा पेपर वाचत होते, निदान डोळ्यांसमोर पेपर धरला होता.

ऑपरेशनच्या दिवशी नवरा दवाखान्यात होता. आत एकालाच थांबू देत होते, आणि बाबांचं बीपी वाढलेलं, म्हणून त्यांना घरीच ठेवायचं आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असं ठरलं. सकाळीच आईंना आत नेल्याचा फोन आला. त्यानंतर काही नाही. मी मोबाइल टेबलावर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होते. बाबा कॉम्प्युटरपुढे बसले. एक ओळ टाइप केली, पुसली. पुन्हा केली, पुसली. मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात स्क्रीनसेव्हर सुरू झाला. आमचं लग्न, लेकीचं बारसं, मग अजिंठ्याची सहल. लेण्याच्या ओसरीचा एक फोटो होता, माणूस नसलेला, नुसते खांब आणि मागे अंधार. तो विरायला लागला आणि त्यातून आई उमटायला लागल्या. आमच्या दारात उभ्या, हातात दवाखान्याची पिशवी, मान मागे वळवलेली. ज्या दिवशी त्यांना भरती केलं त्या सकाळचा फोटो. त्या "येते हं" म्हणत असताना मीच तो मोबाइलवर काढला होता.

आणि तिथेच सगळं थांबलं.

फोटो अर्धाच उमटलेला. आईंच्या चेहऱ्यातून मागचे खांब दिसत होते, साडीच्या निळ्या काठातून तो अंधार. त्या येत होत्या की जात होत्या, काही कळत नव्हतं.

"हा फोटो मी टाकलाच नव्हता," मी म्हणाले.

"मी टाकला," खिडकीजवळून बाबा म्हणाले. "काल, तुझ्या मोबाइलला वायर लावून."

लहान न करता टाकला, हे उघडच होतं. मी माउस हलवला, सगळी बटणं दाबून पाहिली. काही होईना. मग नेहमीसारखं बंद करून चालू करावं म्हणून मी खाली डब्याच्या बटणाकडे हात नेला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाने मला कधी बोट लावलं नव्हतं.

"थांब. बंद नको करू."

"बाबा, हँग झालाय तो. बंद केल्याशिवाय चालू कसा होणार?"

"दवाखान्यातनं फोन येऊ दे. मंग कर."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण माझ्या जिभेवर आली होती. गिळली. पण राग आला, खरंच आला. कारण मीही घाबरलेच होते आणि या घरात न घाबरणारा म्हणून मी ज्या एका माणसावर भिस्त ठेवली होती, तोच असा उभा.

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला," मी म्हणाले, "की असल्या गोष्टींना काही अर्थ नसतो?"

"नसतो. मला समदं कळतं. फोटू मोठा हाय, मेमरी कमी हाय, म्हणून अडकलाय. त्याचा अन् तिचा काय संबंध नाय. पण पोरी, हात धजना."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि खुर्चीत बसले. मी काही बोलणार, तोच पंखा मंद होत होत थांबला. लाइट गेली होती. टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करू लागला.

त्या यूपीएसची बॅटरी कधीच बदलायला झाली होती. मागे एकदा लाइट गेली तेव्हा चहाला उकळी यायच्या आत त्याने मान टाकली होती. हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. टूं टूं चालू, पडद्यावर अर्ध्या आई, आणि मोबाइल मुका. मी नवऱ्याला फोन लावला, उचलला नाही. का उचलला नाही, याची जेवढी कारणं असू शकतात तेवढी त्या क्षणात माझ्या मनात येऊन गेली. टूं टूंमधलं अंतर कमी झाल्यासारखं वाटत होतं. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात शिरत होता आणि ते तो पुसत नव्हते.

मग ते उठले आणि अनवाणीच बाहेर पडले. मी मागे धावले. समोरच्या दारात ते उभे होते, काकूंच्या. काकूंकडे इन्व्हर्टर आहे. आत पंखा फिरत होता, देव्हाऱ्यात इवल्या दिव्यांची माळ लुकलुकत होती. दारावर लिंबू-मिरची. त्या लिंबू-मिरचीखाली उभं राहून बाबांनी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं.

"वहिनी," बाबा म्हणाले, "तुमचा करंट पायजे. हिचा फोटू हाय आमच्या पडद्यावर, अन् हिला तिकडं आत नेलंय. तो बंद पडायलाय. हिला अंधारात सोडवंना मला."

सरबताचा हिशोब चुकता करायची याहून चांगली संधी काकूंना आयुष्यात मिळाली नसती. त्यांनी एकदा बाबांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"वायर हाय का लांब?" त्यांनी मला विचारलं. "नसंल तर आमचा बोर्ड घे. मिक्सरचा."

दोन्ही दारं सताड उघडी ठेवून आम्ही त्यांच्या हॉलमधून आमच्या हॉलमध्ये वायर ओढली. मी टेबलाखाली शिरून यूपीएसची पिन बोर्डात खुपसली. टूं टूं थांबेना. उलट काकूंचा इन्व्हर्टरच कुरकुरायला लागला. "लोड लई व्हतोय!" त्या तिकडून ओरडल्या आणि खट खट बटणं बंद करत सुटल्या. पंखा, फ्रीज, स्वयंपाकघरातली ट्यूब. तरी टूं टूं चालूच. मग क्षणभर शांतता, आणि शेवटचं एक खट. टेबलाखालचा आवाज बंद झाला. मी बाहेर येऊन पाहिलं, तर त्यांच्या देव्हाऱ्यातली माळ विझली होती.

पडद्यावर आई तशाच होत्या.

काकू येऊन आमच्या फरशीवर बसल्या. तिघंही घामाने निथळत होतो, पण पंख्याचं नाव कुणी काढलं नाही. काकूंचे ओठ हलत होते. काय पुटपुटत होत्या ते कळण्यासारखं होतं. बाबांनी पाहिलं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे व्याख्यान झोडलं असतं. आज त्यांनी नजर पुन्हा पडद्याकडे वळवली आणि ओठ हलणं चालू राहू दिलं.

फोन वाजला तेव्हा कुणीच हललं नाही. नवऱ्याचं नाव दिसत होतं. बाबांनी मला मानेने खुणावलं. मी उचलला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"बोल ना!" मी किंचाळले.

"झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "आईला बाहेर आणलं. डोळे उघडले तिनं. पाणी मागती."

मी मोठ्याने तेच शब्द बोलले. काकूंनी हात जोडून कपाळाला लावले. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लेकाला पुन्हा विचारलं, "काय मागती?" मग फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. चष्म्यापेक्षा डोळेच जास्त पुसले. मलाही रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"कर बंद आता," ते म्हणाले. मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. काकूंनी वायर गुंडाळायला घेतली, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "हिला सांगू नका, वहिनी."

"मी कशाला सांगू?" काकू म्हणाल्या.

आईंना घरी आणलं त्याच दिवशी काकू नारळपाणी घेऊन आल्या आणि पलंगावर बसल्या बसल्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या. वर लिंबाच्या सरबताचीही आठवण काढून पोटभर हसून घेतलं. बाबा तेव्हा औषधं आणायला गेले होते. काकू गेल्यावर आईंनी मला जवळ बोलावलं.

"ती सांगती ते खरं हाय का?"

मी सांगितलं. फोटो, यूपीएस, देव्हाऱ्याची माळ, सगळं. मला वाटलं, त्या हसतील, टाके दुखतील म्हणून पोट धरून हसतील. त्या हसल्या नाहीत.

"बाळंतपणात मी मरता मरता वाचले," त्या म्हणाल्या, "तवा हे शाळेत फळ्यावर गणितं घालत व्हते. कुणी सांगाया गेलं, तर म्हणले, मी येऊन काय करू, मी काय डॉक्टर हाय? मला वाटायचं, मी गेले तर हे दुसऱ्या दिशी लेख लिव्हाया बसतील."

बाहेर जिन्यात बाबांच्या चपलांचा आवाज आला. आईंनी घाईने पदराने डोळे टिपले आणि माझा हात ओढून मला खाली वाकवलं.

"ते दारात जाऊन तिला काय म्हणले? तेवढंच परत सांग. लवकर सांग, ते यायच्या आत."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.