गेटजवळचा वावळ

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि पुण्यात हट्टी माणसांची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मामा कर्वेनगरला आमच्याच सोसायटीत राहत आणि दिवसभर गेटजवळच्या वावळाखाली खुर्ची टाकून बसत. त्यांच्यापुढे नुसतं 'झाड' किंवा 'पक्षी' म्हणायची सोय नव्हती. एकदा मी सहज म्हणालो, "पक्षी छान गातोय." दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो तर मामांचा निरोप, "एक माणूस येऊन गेला." कोण? "माणूस. दोन पाय, दोन कान." काय म्हणाला? "आवाज काढत होता." अहो, माझे साहेब होते ते! "काल तुमचं 'पक्षी' एवढ्यावर भागलं. म्हटलं, 'माणूस' एवढ्यावरही भागेल." पक्ष्याचं नाव दयाळ, हे त्यांनी वर ऐकवलंच.

तेव्हा कॉम्प्युटर कंपन्यांतली तरुण मंडळी आमच्याकडे राहायला येऊ लागली होती. त्यांच्या मुलांना पर्यावरण हा विषय इंग्रजीतून. मामांनी वावळाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?" मुलं एका सुरात, "ट्री! ट्रीज गिव्ह अस ऑक्सिजन!" मामा उखडले. "अरे, झाड आहे की दवाखान्यातला सिलिंडर?" त्या दिवसापासून नियम झाला. वावळाचं नाव घेतल्याशिवाय, त्याच्या पापडासारख्या बिया कोण खातं ते सांगितल्याशिवाय तिथे क्रिकेट नाही. "नावानं ओळखतो त्याच्यावर माणूस कुऱ्हाड चालवत नाही," असा त्यांचा ठाम विश्वास होता. बघता बघता नागपूरहून आलेल्या भाडेकरूंपासून वॉचमनपर्यंत सगळे 'वावळ' म्हणू लागले. मामा खूश होते.

मग गाड्या वाढल्या आणि जागा पुरेना. मीटिंगमध्ये मामा तावातावाने भांडले, पण हात वर झाले ते पार्किंगसाठी. रीतसर परवानगी आली आणि फळ्यावर सूचना लागली, 'गेटजवळचा वावळ रविवारी काढण्यात येईल.' चेअरमन अगदी मनापासून म्हणाले, "मामा, बघा हं, नुसतं झाड नाही लिहिलं." मामांनी सूचना वाचली, खुर्ची घडी केली आणि वर निघून गेले.

आता तिथे दोन गाड्या उभ्या असतात. वावळ ज्यांनी पाहिलाही नाही, ते लोकसुद्धा "वावळापाशी लाव रे गाडी" म्हणतात. ते ऐकून मामा एकदा म्हणाले, "नाव राहिलं हो. झाड राहून नाव गेलं असतं, तरी चाललं असतं." मला फार वाईट वाटलं.

परवा गॅलरीत दोघंच बसलो होतो. मी मुद्दाम म्हणालो, "मामा, केबलच्या वायरवर पक्षी बसलाय." वाटलं, आता खेकसतील, कोणता म्हणून विचारतील.

"बसू द्या," मामा म्हणाले. "दुसरी जागा कुठे आहे त्याला."