नंबर नसलेली सायकल

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे माझं काम. हेंद्रेपाड्याच्या आसपास, सकाळी साडेसहा ते नऊ. सायकलच्या कॅरिअरला बर्फाचा डबा बांधलेला असतो आणि त्यावर लॅबचं स्टिकर. नऊच्या आत डबा लॅबमध्ये पोचला पाहिजे. शेवटचा टप्पा असा की नियमाने जायचं तर दुभाजक संपेपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. मी कधीच जात नसे. चुकीच्या बाजूने, दुकानांच्या कडेकडेने शंभर पावलं, की लॅब. सायकलच तर आहे.

हे मी सोसायटीच्या ग्रुपवरही लिहिलं होतं. सायकलवाल्यांना लायसन आणि नंबर का नको, असं कुणीतरी विचारलं होतं. मी ठणकावून लिहिलं, सायकलखाली येऊन कोण मेलंय? माझ्या लहानपणी उल्हासनगरात सायकलला पत्र्याचा बिल्ला लावावा लागायचा. दिवा नसला की हवालदार अडवायचा आणि वडील सायकल हातात धरून चालत घरी यायचे. तो जाच गेला ते बरंच झालं, असंही लिहिलं. भरपूर अंगठे आले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी वांगणीहून भाजी विकायला येणारी एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. वाहनं जिकडून यायला हवीत तिकडे ती बघत होती. मी उलट्या बाजूने आले. माझं हॅण्डल तिच्या कमरेला लागलं आणि ती रस्त्यात आडवी पडली. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. रिक्षाचं चाक तिच्यापासून हातभर लांब थांबलं.

लोक धावले. त्यांना दिसली ती म्हातारी आणि तिच्या पुढ्यात रिक्षा. आपल्याकडे अशा वेळी मोठी गाडी कुठली एवढंच बघतात. रिक्षावाल्याची कॉलर धरली गेली. "मी नाय ठोकली! खरंच नाय ठोकली!" तो ओरडत होता. "मग काय चक्कर येऊन पडली काय रे?" एकाने त्याला विचारलं.

मी सायकल स्टॅण्डवर लावली आणि म्हातारीजवळ बसले. मनगट मोडलंय हे मला बघताच कळलं. डब्यासोबतच्या पिशवीतली क्रेप पट्टी काढून हात नीट बांधला. बोटं हलवून घेतली. "देव तुजा भला करो, बाय," ती म्हणाली. तिने मला धडकताना पाहिलंच नव्हतं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं. "ताई लॅबच्या आहेत, त्यांना जाऊ द्या रे," कुणीतरी म्हणालं आणि लोकांनी मला वाट करून दिली. मी गेले. उरलेला रस्ताही चुकीच्या बाजूनेच गेले.

पुढचे दोन दिवस मी कामं नेहमीसारखी केली. तिसऱ्या दिवशी रिक्षा स्टॅण्डवरून जाताना तोच रिक्षावाला आडवा आला.

"मॅडम, तुम्ही तिथं होता ना? आजीच्या मुलाने कम्प्लेंट केली. माझं लायसन चौकीत ठेवून घेतलंय. गाडी उभीये तीन दिवस. उद्या आजी येणारे चौकीत. तुम्ही फक्त एवढंच सांगा, मी आधीच ब्रेक मारला होता. तुमचं ऐकतील, तुम्ही मेडिकलवाल्या."

त्याने मला शोधलं होतं ते साक्षीदार म्हणून. मी "येते" म्हणाले. घरी येऊन भाकऱ्या केल्या. नुसतं ब्रेकचं सांगून सुटता येईल का, याचा विचार मी भाकऱ्या संपेपर्यंत केला. हे लिहायला लाज वाटते, पण केला.

चौकीत म्हातारी बाकावर बसली होती. हाताला प्लॅस्टर. रिक्षावाला टेबलाशी उभा होता. हवालदाराने मला खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं, "धडक माझ्या सायकलची बसली. मी चुकीच्या बाजूने येत होते. यांनी गाडी थांबवली म्हणून आजी वाचल्या."

हवालदाराचं पेन थांबलं. "सायकल? नंबर?"

"नसतो."

"लायसन?"

"नसतं."

"मग मी लिहू काय, मॅडम?" रिक्षावाल्याचं लायसन त्याने ड्रॉवरमधून काढून टेबलावर टाकलं.

"आणि यांचं काय जमा करणार, साहेब?" रिक्षावाल्याने विचारलं.

"यांचं? हवा भरायचा पंप." हवालदार स्वतःच हसला. मग माझं नाव-पत्ता त्याने एका सुट्या कागदावर लिहून घेतला.

म्हातारी हसली नाही. "पट्टी बांधलीस ती तूच ना गं?"

"हो."

"आन् पाडलास पन तूच?"

"हो. चुकलं माझं, आजी."

"मंग तवाच का नाय बोललीस? ह्या पोराला किती मारला लोकांनी."

मी म्हणाले, हाताचा सगळा इलाज मी बघते. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डाव्या हाताने पिशवीतून माझी क्रेप पट्टी काढली. धुऊन, घट्ट गुंडाळलेली. लॅबवाल्या बाईला द्यायला हवालदाराकडे ठेवणार होती म्हणे. ती तिने माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

रिक्षावाला तिला स्टेशनला सोडायला निघाला. तिला हात देऊन आत बसवलं आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही या, मॅडम, सायकलवर. तुम्हाला कोण अडवतंय?"

सायकलला लायसन असावं की नसावं, मला अजून सांगता येत नाही. ग्रुपवरचं माझं ते लिहिणं आता पुसता येत नाही, तसंच आहे. एवढं मात्र नक्की, की त्या सकाळी माझ्या सायकलवर नंबर असता, तर मी घड्याळ बघितलं नसतं.

आता मी वळसा घालून जाते. लॅबमध्ये सात मिनिटं उशिरा पोचते आणि अजून एकही नमुना खराब झालेला नाही.