सतरंजीवरच्या माना

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी वर्षांत शहरात दोन गोष्टी भराभर वाढल्या, सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या आणि खाजगी शिकवण्या. आमची शिकवणी पत्र्याच्या खोलीत भरे. बाक नव्हते. सतरंजीवर बसून, वही मांडीवर घेऊन, सर सांगतील ते तासन्‌तास उतरवायचं. पालक खिडकीतून डोकावत, वाकलेल्या माना पाहत आणि समाधानाने गावी परतत. अभ्यास मोजायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. सरांच्या लेखी वर पाहणारा मुलगा उनाड.

माझा भाड्याच्या खोलीतला सोबती देवणीचा. बारावीत, दिवाळीनंतर त्याची मान धरली ती सुटेना. वडील आले. मान चेपून त्यांनी निदान केलं, "टँकरच्या घागरी वाहून झालंय हे. आता पाणी आणू नगं. नुस्तं बसून अभ्यास कर."

दिवसातला तेवढाच वेळ तो ताठ चालत असे. तोही गेला. पुढे हात बधिर होऊ लागला, पेन सुटू लागलं. पेपर कसे लिहायचे, हा प्रश्न होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो बसतो कसा ते आधी विचारलं. वही उंचावर घे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने शिकवणीत आपली पत्र्याची पेटी नेली आणि तिच्यावर वही मांडली.

सर सांगायचे थांबले. "नवा जिल्हा झाला म्हणून इथं कलेक्टर बसवला का रे?"

खोली हसली.

"सर, मान लई दुखायलीय."

"मग बाकीच्यांच्या काय दगडाच्या हायत?"

बाकीच्यांपैकी निम्मे रोज एकमेकांच्या मानेला बाम चोळत. कुणी बोललं नाही. हुशार मुलं होती.

तो पेटी उचलून निघाला आणि थेट गावी गेला. बैल चारा छावणीत असल्याने गोठा रिकामा होता. त्याने गव्हाणीवर फळी टाकली, बसायला ओंडका घेतला आणि तिथंच अभ्यास केला. मान पुरती बरी झाली नाही, पण पेपर त्याने पूर्ण लिहिले.

निकाल लागल्यावर सरांनी शिकवणीच्या दारावर त्याचं नाव सगळ्यांच्या वर रंगवून घेतलं. ते पाहायला वडील मुद्दाम लातूरला आले. बराच वेळ पाहत उभे राहिले, मग आत जाऊन धाकट्याला त्याच शिकवणीत घालून गेले.