तीन इंच कमी

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण ते शिकवत नव्हते, कपडे शिवत होते. कोपऱ्यावर त्यांचं अरुंद दुकान. दोन मशिनी, एक लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली कात्री. तीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवून शिवून त्या भागातल्या निम्म्या कमरा त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा झुकला, सगळं त्यांच्या फितीला कळायचं. बोलायचे मात्र नाहीत. गिऱ्हाइकाचं माप वहीत राहिलं पाहिजे, तोंडात येता कामा नये, असं त्यांचं मत होतं.

दर शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत सहा-सात पुरुष जमायचे. मोडके बाक दुरुस्त करायच्या निमित्ताने पाळकांनी त्यांना एकत्र आणलं होतं. बाक कधीच दुरुस्त झाले, पण माणसं येत राहिली. आधी प्रार्थना, मग चहा, मग प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं. मास्तर "ठीकच म्हणा" एवढं बोलून सुटका करून घ्यायचे. त्यांच्या शेजारी बसणारा वेल्डर काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यायचा. त्याचा राग नाकावर असायचा, म्हणून सगळे त्याला ठिणगी म्हणत.

एका दुपारी ठिणगी दोन पँटी घेऊन दुकानात आला.

"मास्तर, कंबर आत घे. चार महिन्यांत दुसऱ्यांदा आलोय. बघ, तब्येत कशी कमावलीय!"

मास्तरांनी फीत लावली. वहीत छत्तीस होतं, आता तेहेतीस भरत होतं. तेवढ्यात ठिणगीने टेबलावरची पाण्याची बाटली उचलून अर्धी रिकामी केली.

"जेवण कमी केलंस का?"

"छे! दोन माणसांचं जेवतो."

मास्तरांनी फीत गळ्यात टाकली. त्यांच्या सासऱ्यांचे कपडे असेच सैल होत गेले होते. कारण साखरेचं आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

"ठिणगी, आधी रक्त तपासून ये. तोवर मी या पँटींना हात लावणार नाही."

ठिणगीचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "तू डॉक्टर कधीपासून झालास? शिवायचं तेवढं शिव की!" पँटी काखेत मारून तो तरातरा निघून गेला.

पुढचे दोन शनिवार त्याची खुर्ची रिकामी राहिली. पाळकांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरी आल्यावर मात्र त्यांना राहवेना. बायकोला सगळं सांगून ते म्हणाले, "मी काय वाईट सांगितलं त्याला?"

बायको वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. "वाईट नाही सांगितलंत, वरून सांगितलंत. स्वतः किती वर्षं डॉक्टरचं तोंड पाहिलं नाहीत? जिन्यात मधेच थांबता आणि चप्पल नीट करायचं नाटक करता, ते मला दिसत नाही वाटतं?"

मास्तरांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.

सोमवारी ते ठिणगीच्या कारखान्यात गेले. तो एका फाटकाच्या सळ्या जोडत होता. त्याने मुखवटा वर करेपर्यंत मास्तर दाराशीच थांबले.

"पुन्हा उपदेश करायला आलास?"

"नाही. सहा वर्षांत मी बीपी तपासलेलं नाही. जिना चढताना धाप लागते. एकट्याने जायची भीती वाटते रे. येतोस माझ्याबरोबर?"

ठिणगी उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसला. हातमोजे काढायला त्याने बराच वेळ लावला.

"माझ्या बापाचा पाय साखरेनेच गेला," तो म्हणाला. "आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत. शेवटी खुर्चीत बसून दिवसभर आईवर ओरडायचा. मला तसं व्हायचं नाही, मास्तर. म्हणून ऐकायचंच नव्हतं."

"मग दोघं मिळून ऐकू."

मंगळवारी सकाळी दोघे उपाशीपोटी तपासणीच्या बाकावर बसले. सुई पाहून ठिणगीने डोळे घट्ट मिटले. "दिवसभर आगीत हात घालतोस आणि या काडीला घाबरतोस?" मास्तर म्हणाले, आणि रक्त घेणारी मुलगी हसू लागली. संध्याकाळी निकाल आला. ठिणगीची साखर भलतीच वाढलेली, मास्तरांचं बीपीही चढलेलं. दोघांना गोळ्या, दोघांना रोजचं चालणं.

"घरी बायकोला तूच सांग ना," ठिणगी रस्त्यात म्हणाला. "तुझं ती ऐकते."

"बरोबर येतो. बोलायचं तू."

ठिणगीची बायको शाळेत शिकवायची. ती वह्या तपासत बसली होती. ठिणगीने पंख्याकडे बघत कसंबसं सांगून टाकलं. तिने पेनाचं टोपण लावलं.

"भाऊजी, तुम्हाला कधी कळलं?"

"शंका आली त्याला दोन आठवडे झाले."

"म्हणजे कमरेचं माप घेणाऱ्याला कळलं आणि मला नाही." ती नवऱ्याकडे वळली. "एवढं पाणी का पिता, असं मी विचारलं होतं. उकडतंय म्हणालात."

"घाबरलो होतो. तुला सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं."

"आजाराचं आपण बघून घेऊ. पण मला बाहेर ठेवू नका."

मास्तर हळूच उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

त्या शनिवारी ठिणगी आला. पाळी आली तेव्हा त्याने विनोद केला नाही. साखरेचं सांगितलं, आणि बायको चार दिवस धड बोलत नाही हेही सांगितलं.

"माफी मागितलीस?" गटातल्या निवृत्त पोस्टमनने विचारलं.

"का लपवलं, ते सांगितलं की."

"कारण वेगळं आणि माफी वेगळी, बाबा. मी हे शिकेपर्यंत माझी बायको दोनदा माहेरी जाऊन आली."

खोलीत हशा पिकला. मग पाळकांनी ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाकीचेही उठून त्याच्याभोवती उभे राहिले. ठिणगी थेट घरी गेला आणि दारातच माफी मागून मोकळा झाला.

तेव्हापासून प्रार्थनेनंतर सगळे तासभर चालू लागले. पोस्टमन पुढे, आणि त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेले मागून धापा टाकत. सहा महिन्यांत ठिणगीची साखर आटोक्यात आली. डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात, त्या मात्र गेल्या नाहीत. डॉक्टरकडे आता बायको बरोबर असते. तो गाळतो ते सगळं ती सांगते.

मास्तर संध्याकाळी दुकान तासभर आधी बंद करून बायकोबरोबर फिरायला जातात. पहिले काही दिवस बोलायला काही सुचत नव्हतं. मग तिला एकेक आठवू लागलं. दूर राहणाऱ्या बहिणीची येणारी आठवण, दुखणारा गुडघा. आणि एके दिवशी, बिचकत, तिने सांगून टाकलं की पुढच्या दारावरचा हिरवा पडदा तिला कधीच आवडला नव्हता. तो मास्तरांनी स्वतः शिवला होता, अकरा वर्षांपूर्वी.

मास्तरांनी खिशातलं पाकीट चाचपलं. मग म्हणाले, "चल, वाटेतच कापडाचं दुकान आहे. रंग तू निवड."