खडकमाळाची चिणलेली दारं

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. नगरच्या दवाखान्यातून माझा मुलगा बोलत होता. "आई, आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि परातीतल्या उरलेल्या पिठाच्याही करून घेतल्या. बातमी गावात पोचली की आमच्या घरात चूल पेटणार नव्हती, आणि दवाखान्यात सकाळपासून बसलेली माणसं उपाशी होती. नंतर कोणी तरी म्हणालं, म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. असेल. पण त्या भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, कौसल्या. लोक त्यांना ताई म्हणायचे, पेपरवाले आमदार कौसल्याताई लिहायचे. अंत्यविधीला मोठमोठी माणसं आली आणि ताई गोरगरिबांची माऊली होत्या असं एकामागून एक सांगून गेली. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांच्याबरोबर एका घरात काढली आहेत. त्या माऊली वगैरे नव्हत्या. तापट होत्या, हट्टी होत्या, जेवताना फोन ठेवायच्या नाहीत आणि माझ्या कालवणाला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत. नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या तेव्हा मला ते आवडलं नव्हतं, हेही इथं लिहून टाकते. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं म्हणून माझ्या मालकांनी बहिणीला उभं केलं. कारभार आपणच बघायचा, असा त्यांचा हिशेब. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात वन्संनी भावाच्या खिशातून ग्रामपंचायतीचा शिक्का काढून घेतला. "दादा, तुमी शेत बघा," म्हणाल्या. मालक दोन दिवस जेवले नाहीत. वन्सं मात्र जेवल्या. तिथून पंचायत समिती आणि मग विधानसभा.

विधानसभेत त्या काय करायच्या हे मला फार कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण त्या भांडायच्या कशावर, ते कळायचं. निराधार बाईची पेन्शन, रेशनवरचा गहू, टँकरच्या खेपा, दवाखान्यातला डॉक्टर आणि सगळ्यात जास्त घरं. आमच्या या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात पुष्कळ माणसं गायरानावर राहतात. जागा नावावर नाही म्हणून सरकारचं घरकुल नाही, आणि पक्कं घर नाही म्हणून ही माणसं इथं राहतच नाहीत असं सरकार म्हणतं. वन्सं या एका गोष्टीवर इतकं बोलायच्या की त्यांच्या पक्षातली माणसंही कंटाळायची.

मला आठवतो तो गेल्या वर्षीचा हिवाळा. आमच्या गावाजवळ खडकमाळ म्हणून वस्ती आहे, सगळी ऊसतोड करणारी माणसं. दिवाळी झाली की टोळ्या कोपरगावकडं कारखान्यांना जातात, पाडव्याच्या सुमाराला परततात. त्यांच्या घरांना तेव्हा दारं नव्हती, एरवी नुसता पत्रा आडवा लावायचे. पण तोडीला जाताना मात्र दाराची सगळी चौकट दगडमातीनं चिणून बंद करायचे. ज्यानं चिणलं त्यानंच परत येऊन फोडायचं, उंबऱ्यावर पाणी घालून. दुसऱ्याचा हात लागला तर त्या घरचं माणूस उसाच्या फडातून धड परत येत नाही, असं ते मानतात. मागं कोणाचं तरी दार शेळ्या शिरल्या म्हणून भावकीनं फोडलं आणि तो माणूस ट्रॅक्टरखाली गेला, असं सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही.

वस्ती अशी चिणलेली असतानाच अतिक्रमणाची पाहणी झाली. कागदावर आलं की खडकमाळावर पडकी, बंद बांधकामं आहेत, वास्तव्य नाही, पाडायला हरकत नाही. वन्संनी नागपूरच्या अधिवेशनात लक्षवेधी लावली होती. लक्षवेधी म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. सोमवारी ती येणार होती आणि मंत्र्याचं छापील उत्तर वन्संच्या हातात आधीच पडलं होतं... वस्ती ओस आहे, सबब प्रश्न उद्भवत नाही. शनिवारी सभागृहाला सुट्टी, म्हणून त्या घरी आल्या आणि तहसीलदारांना पुन्हा पाहणी करायला लावली. तहसीलदार सरळ माणूस होता. तो म्हणाला, "ताई, आज माणसं राहतात असं दिसलं तर तसं लिहितो. नाही दिसलं तर सोमवारी पाडायला मशीन येईल, मग माझ्या हातात काही नाही."

"वैनी, चला," वन्सं मला म्हणाल्या. "मला म्हाताऱ्यांशी नीट बोलता येत न्हाई."

खरंच येत नव्हतं. वस्तीवर पोचल्यावर तहसीलदारांनी चिणलेल्या दारांकडं पाहिलं आणि विचारलं, "यात माणूस राहतो असं लिहू कसं?" वन्संनी ड्रायव्हरकडून पहार मागून घेतली. "दाखवते," म्हणाल्या आणि पहिल्या घरासमोर गेल्या. ते सखूआजीच्या लेकाचं घर. म्हातारी मागच्या खोपटात राहायची. ती आली आणि दाराला पाठ लावून बसली.

"आमदार असशील तुझ्या घरची. हात लावायचा न्हाई."

"आजी, सोमवारी मशीन यायचंय. घरच न्हाई ऱ्हायलं तर तुझा ल्योक येऊन काय फोडंल?"

"ल्योकच न्हाई ऱ्हायला तर घर काय चाटू?"

वन्सं चिडल्या. आवाज चढला. पहार हातात, समोर म्हातारी, बाजूला सरकारी गाडी... मला वाटलं आता ही बाई खरंच म्हातारीला उचलून बाजूला ठेवणार. मी म्हणाले, "वन्सं, पहार खाली ठेवा. तुमच्या घरचं फोडू दिलं असतं का कोणाला?" त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच दोन पावलं मागं सरले. मग त्यांनी पहार दगडावर आपटली. ठिणगी उडाली. "मग काय करू, सांगा ना," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मला काय सुचणार. म्हातारीलाच म्हटलं, सुनेला फोन लाव. सून मंगल कोपरगावकडच्या फडात होती. टोळीचा मुकादम तिला सोडायला तयार नव्हता. वन्सं त्याच्याशी फोनवर जे बोलल्या ते पेपरात छापण्यासारखं नाही. तहसीलदार म्हणाले, मी चारला परत येतो, त्याच्यापुढं थांबता येणार नाही. तेवढा वेळ वन्सं त्या माळावर फेऱ्या मारत होत्या आणि दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत होत्या. मी सांगितलं, बसा. बसल्या नाहीत.

मंगल टेम्पोतून आली ती तहसीलदारांच्या गाडीच्या मागोमागच. केसांत उसाचं पाचट, कंबरेला कोयता तसाच. थेट दाराशी गेली. सासूकडून तांब्या घेतला, उंबऱ्यावर पाणी घातलं, वरचा दगड हातानं काढला आणि मग भराभर सगळं दार मोकळं केलं. आत धान्याची कणगी होती, देव होते, दोरीवर पोरांचे शाळेचे कपडे होते, भिंतीवरचं कॅलेंडर दिवाळीच्या महिन्यावर थांबलेलं. तहसीलदार बूट काढून आत गेले. बाहेर आले आणि म्हणाले, "या घराचं लिहितो. बाकीच्यांचं?"

बाकी घरांची माणसं फडात. सगळ्यांना आणायला ना वेळ होता ना मुकादम सोडणार होते. मंगलच म्हणाली, "ताई, ज्याचं त्याला इचारा. त्यानं व्हय म्हनलं तर माज्या हातानं फोडते. मी बी फडातलीच हाय." सखूआजीनं तांब्या पुन्हा भरून तिच्या हातात दिला. म्हणजे चाललं.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. वन्सं फोन मोठ्या आवाजावर ठेवून चिणलेल्या दाराला लावायच्या. तिकडून, फडातून, घरधनीण बोलायची. "मंगे, फोड गं माझं. देवाला पानी घाल आदी." कोणी रडायची, कोणी म्हणायची, "कनगीत बाजरी हाय, ती तुज्या घरी न्हेऊ नकोस." मंगल दगड काढायची, मी पाण्याची घागर घेऊन मागं, वन्सं पुढच्या दाराकडं. त्यांची साडी गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली. मधेच फोनचं चार्जिंग संपलं. वन्संनी फोन हातावर आपटला. तहसीलदारांनी स्वतःचा फोन पुढं केला.

बापू नावाच्या एकानं मात्र नाही म्हटलं. "ताई, तुमचं सगळं खरं. पर न्हाई." वन्संनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा नाही म्हटलं. त्या त्याच्या दाराला हात न लावता पुढं गेल्या. सोमवारी सभागृहात मंत्र्यांना दुसरं उत्तर द्यावं लागलं, नव्या पंचनाम्यातल्या घरांना स्थगिती मिळाली. बापूचं घर त्यात नव्हतं. त्याच आठवड्यात ते पाडलं. वन्संचं नाव पेपरात आलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. टोळ्या परतल्यावर बापूकडं गेल्या, त्याच्या दगडांच्या ढिगावर बसल्या. बापू म्हणाला, "तुमी फोडलं न्हाई, ते बरं केलं." वन्संना तेही सहन झालं नाही. घरी येऊन मला म्हणाल्या, "फोडायला पायजे हुतं, वैनी." मी म्हटलं, नको होतं. आम्ही त्यावर शेवटपर्यंत भांडत राहिलो.

स्थगिती म्हणजे काही मालकी नव्हे. पुन्हा पाहणी होणार, आणि ती पुन्हा ऐन तोडीच्या दिवसांतच होणार, हे वन्संना माहीत होतं. उन्हाळ्यात त्यांनी वस्तीच्या मागं लागून लागून चौकटींना पत्र्याची दारं बसवून घेतली. कुलूप लावा, चावी माझ्याकडं द्या, साहेब आले की मी उघडून दाखवीन, म्हणाल्या. चावी हातानं दिली की हात तुमचाच झाला... सखूआजीनं यावर बराच विचार केला आणि मान हलवली. या दिवाळीला टोळ्या निघाल्या तेव्हा पहिली चावी बापूनं आणून दिली. त्यानं जुन्या दगडांतच नवं घर उभं केलं आहे. वन्संनी आपल्या खोलीतले मंत्र्यांबरोबरचे फोटो उतरवून त्याच खिळ्यांना चाव्या लावल्या. प्रत्येकीला चिंधी बांधलेली, ज्याच्या-त्याच्या घरच्या लुगड्याची.

त्या गेल्या आणि चाव्या तशाच राहिल्या. मागच्या आठवड्यात पाहणीची गाडी आली. तहसीलदार आता दुसरे आहेत. मी चाव्या पदरात घेतल्या आणि गेले. आमदार नाहीत तर तुम्ही कोण, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, चाव्या माझ्याकडं आहेत. माझ्या हातानं चावी लवकर लागत नाही. साहेब घाई करायला लागले तेव्हा सखूआजी त्यांना म्हणाली, "थांब की जरा. तिचं वय बघ." एकही घर सोडलं नाही. घरी येऊन चाव्या पुन्हा खिळ्यांना लावल्या. त्यांनी काय लिहिलं ते अजून समजलेलं नाही.

काल पक्षाची पोरं वन्संचा हार घातलेला मोठा फोटो घेऊन आली. खोलीत चाव्यांच्याच भिंतीवर लावायचा म्हणत होती. मी सांगितलं, तिथं जागा नाही. ओसरीत लावा, नाही तर घेऊन जा. पोरं जरा रागावली. फोटो ओसरीत लावला आहे, चांगला आला आहे. पण वन्संना भेटायला कोणी आलं तर मी त्यांना आतल्या खोलीत नेते.