डावीकडं जाणारा छर्रा

पहिली शेळी फाडली तेव्हा मी घरामागं कपडे धूत होते. भर दुपार होती. ओरडणं ऐकून गोठ्याकडं पळाले, तर सहा-सात कुत्री तिला लोळवून बसली होती. शेळी जिवंत होती. पोट उघडं पडलेलं, आतडी मातीत, आणि तशातही ती पुढच्या पायांवर उठायला बघत होती. मी हातातल्या धोपटण्यानं एका कुत्र्याला हाणलं. त्यानं उलटून माझ्या पोटरीचा लचका तोडला. मग शेजारच्या रानातून सासरे धावत आले. कुत्री पांगली. सासऱ्यांनी माझ्याकडं न बघता आधी विळ्यानं शेळीची मान कापून तिला सोडवलं.

आमचं घर वडगाव रासाईला, भीमेच्या काठच्या रानात. सासरच्यांनी मेंढरं कधीच विकली होती, पण शेळ्या ठेवल्या होत्या आणि त्या माझ्याकडं होत्या. नवरा शिरूरकडच्या कंपनीत लेथवर काम करायचा. कुत्री कुठून येतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या बांधाला लागून चुलत सासऱ्यांचं पोल्ट्रीचं शेड होतं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मेलेल्या कोंबड्या ते बांधावर फेकून द्यायचे आणि त्या खाऊन ती टोळी माजली होती.

नवरा त्यांना सांगायला गेला. "आप्पा, मेल्याली कोंबडी पुरत जा. कुत्र्यान्ला रगताची चटक लागलीया. माझ्या बायकूला चावलं."

"कुत्री काय माझी हायती का? आन् बांध माझा हाय. तुझ्या शेळ्या बांधून ठिव."

मी शिरूरच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं घेत होते तेवढ्या दिवसांत कुत्र्यांनी दोन करडं नेली. मग नवऱ्यानं दौंडहून माझ्या भावाकडची बंदूक आणली. ज्वारीवरची पाखरं उठवायला भावानं ती घेतली होती. नळीखाली दांडा होता. तो खालीवर करून हवा भरायची आणि छर्रा सोडायचा. पण तिच्यात काही दम नव्हता. कुत्र्याला छर्रा लागला तरी ते नुसतं केकाटायचं आणि थोड्या वेळानं परत यायचं. त्यातही छर्रा दर वेळी डावीकडं जायचा.

रविवारी नवऱ्यानं ओट्यावर पोतं अंथरून ती पूर्ण उघडली. पंपातलं चामड्याचं वायसर वाळून चिरलं होतं. भरलेली निम्मी हवा तिथूनच निसटायची. त्यानं नवं वायसर कापून तेलात भिजत घातलं. पंपातला दट्ट्याही ढिला होता. कंपनीत पितळेचा नवा दट्ट्या त्यानं अंगाबरोबर बसेल असा करून आणला. नळीच्या तोंडाला ठोकर बसून एका बाजूला लोखंडाचा खवला वर आला होता. बाहेर पडता पडता छर्रा तिथं घासायचा. तो खवला त्यानं हळूहळू घासून सपाट केला. भिंतीला तेलाचा रिकामा डबा टेकवून आम्ही बघितलं. आधी डब्याला नुसता पोचा पडायचा. आता छर्रा दोन्ही पत्रे फोडून भिंतीत रुतला. मी मारला तेव्हा अगदी मधोमध बसला. नवरा हसला. "मग तूच मार. मी कामावर आसतो, कुत्री तवाच येत्यात."

गोळी लागली की जनावर पडतं, अशी माझी समजूत होती. पहिलं कुत्रं पडलं नाही. ते स्वतःच्याच कुशीला चावत गरागरा फिरायला लागलं. रक्त दिसताच बाकीची त्याच्यावर तुटून पडली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आपल्यातल्याच एकाला फाडलं. शेवटी सासरे पहार घेऊन गेले. पुढचे काही आठवडे असेच गेले. मी मारायचे, सासरे संपवायचे आणि लिंबाखाली खड्डा काढायचे. 

एक दिवस टोळीबरोबर आप्पांचा पाळलेला बांडा कुत्रा आला. गळ्यात पट्टा होता. त्यानं करडाची मान धरली होती आणि ते पाय झाडत होतं. पट्टा मला दिसला होता. मी मारलं. छर्रा कानामागं गेला आणि तो जागच्या जागी बसला, तो परत उठला नाही.

नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो जेवायला बसला असताना आप्पा दारातून काठी घेऊनच आत आले. पहिला तडाखा त्याच्या डोक्यात बसला, ताटातल्या कालवणात रक्त पडलं. दुसरा अडवायला त्यानं हात वर केला, तर मनगट मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी कोपऱ्यातली बंदूक उचलली, छर्रा घातला आणि दांडा मारत सुटले.

"आप्पा, काठी टाका."

"तू मारनार मला? मार की! मार!" म्हणत ते पुढं झाले आणि त्यांनी काठी डाव्या हातात घेऊन उजव्या पंजानं नळीचं तोंड धरलं. मी चाप ओढला.

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले आणि हात उलटा करून बघत राहिले. तळव्याला बारीक भोक होतं आणि मागच्या बाजूला कातडीखाली छर्रा टचटचीत वर आला होता. सासऱ्यांनी बंदूक माझ्याकडून हिसकावली, अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीवर आपटून आपटून वाकवली, आणि मग मला एक थोबाडीत दिली. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यावर हात उगारलेला तेवढाच.

शिरूरला जायला जीप एकच मिळाली. नवरा आणि आप्पा शेजारी बसले, एकाच्या डोक्याला माझं जुनं लुगडं, दुसऱ्याच्या हाताला टॉवेल. दोघंही कण्हत होते. शिरूर जवळ आल्यावर आप्पा म्हणाले, "डाक्टरला काय सांगायचं?"

"तुम्ही सांगाल त्ये," नवरा म्हणाला.

"मग तू जिन्यावरनं पडलास. मला तार घुसली."

आमच्या घराला जिना नव्हता. डॉक्टरनं छर्रा काढून ट्रेमध्ये टाकला, दोघांकडं बघितलं आणि सांगितलं तसंच कागदावर लिहून घेतलं.

आठवड्याभरात आप्पांनी शेडमागं खोल खड्डा खणून घेतला आणि मेलेल्या कोंबड्या त्यात जायला लागल्या. उरलेली कुत्री नदीच्या पलीकडं गेली. नवऱ्याचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. लेथवर त्याला उभं राहता येईना, म्हणून कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. आप्पा सणावाराला घरी येत राहिले. मी चहा नेला की "ठिव तिथं" एवढंच म्हणायचे आणि मी वळले की कप डाव्या हातानं उचलायचे.